सावलीची वाट आणि परतीचा चढ

इंदूरच्या सुदामानगरहून एकांनी विचारलं आहे: "माझा लॅब्राडोर ब्रुनो पाच वर्षांचा आहे, वजन ३८ किलो. रोज सकाळी तासभर फिरतो. येत्या रविवारी आम्ही चार मित्र महूच्या पुढे, पठाराच्या कडेवरून चोरल नदीकडे जंगलातून उतरणाऱ्या पायवाटेने जाणार आहोत. वाट उभी आहे, पण पूर्ण सावलीची, त्यामुळे ऑगस्टात उन्हाची चिंता नाही. त्याला नेऊ का? बूट घालावेत का? जंगलात मोकळं सोडलं तर चालेल का?"

आधी थेट उत्तर देतो. या रविवारी नेऊ नका. डिसेंबरात नेता येईल, पण त्यासाठी मधल्या महिन्यांत थोडी मेहनत करावी लागेल. बूट नकोत. मोकळं तर अजिबात सोडू नका. नुसतं 'नको' ऐकून पुढच्या वेळी 'हो' कधी म्हणायचं ते कळत नाही, म्हणून कारणं सविस्तर लिहितो. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलो त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. इंदुरात कुत्री-मांजरी तपासतो आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या कुत्र्याला घेऊन याच डोंगरांत असतो. जे लिहितो आहे त्यातलं बरंचसं दवाखान्यात शिकलो. सगळ्यात महत्त्वाचं मात्र त्याच चोरलच्या उतारावर शिकलो.

तुमचा प्रश्न 'वाट उभी आहे, जमेल का' असा आहे. खरा प्रश्न 'परत वर येता येईल का' हा आहे, कारण आपल्याकडचा डोंगर उलटा आहे. पुण्या-नाशिककडचे नातेवाईक गडावर जातात तेव्हा पहाटे ताज्या दमाने चढतात आणि दमल्यावर उतरतात. मध्येच कुत्रा थकला तर मागे फिरायचं, उतार लागतो. आपण इंदूरकर पठारावर राहतो, जवळपास साडेपाचशे मीटर उंचीवर. महूच्या दक्षिणेला हे पठार एकदम संपतं आणि नर्मदेच्या खोऱ्याकडे कोसळतं. पाताळपाणी, काजलीगढ, चोरलची दरी, कुठेही जा, गाडी वर लावायची आणि खाली उतरायचं. उतरताना सगळे खूश. कुत्रा तर पुढे धावतो. खाली पाणी असतं, तो डुंबतो, त्याला पाहून आपण समजतो की गडी मजेत आहे. मग दहा-साडेदहाला चढ सुरू होतो. म्हणजे दिवसातलं सगळ्यात कष्टाचं काम दमलेल्या अंगाने, चढत्या उन्हात, आणि मागे फिरायची सोय नसताना. जानापावसारखी एखादी टेकडी सोडली, जिथे पायथ्यापासून वर चढता येतं, तर आपल्या बहुतेक वाटांचं गणित हेच. म्हणून पुण्याच्या भावाचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू करू नका.

आता सावलीकडे येतो, कारण माझ्या मते तुमची खरी चूक तिथे होते आहे. सावली आणि गारवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस अंगभर घाम गाळतो. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांत असतात, आणि शरीर थंड करायला त्यांचा उपयोग नगण्य. त्याची सगळी भिस्त धापेवर. जीभ, तोंड आणि नाकातल्या ओल्या अस्तरावरून हवा वेगाने जाते, ओल उडून जाते आणि तिथलं रक्त थंड होतं. कोरड्या हवेत हे छान चालतं. ऑगस्टात दरीतली हवा आधीच पाण्याने भरलेली असते, वर झाडोरा इतका दाट की वारा खाली पोचत नाही. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत ना, तसंच त्याच्या जिभेचं होतं. तो धापा टाकत राहतो, पण ओल उडत नाही. आणि ही उष्णता काही उन्हातून आलेली नसते. ३८ किलोचं अंग उभ्या चढावर ओढताना त्याचे स्नायूच ती तयार करतात. वर पारा तिशीच्याही आत असेल, सूर्य दिसतही नसेल, तरी आत भट्टी पेटलेली असते आणि धूर जायला धुराडं नसतं. उलट धाप टाकणं हेही स्नायूंचंच काम, त्यातूनही थोडी उष्णता वाढतेच.

आणखी एक गोष्ट या सावलीबद्दल. ती सावली बहुतेक सागाची आहे. साग पानझडी. एप्रिल-मे महिन्यात हीच वाट उघडीबोडकी असते, दगड तापलेले असतात. म्हणजे वाट सावलीची असते तेव्हा दमट असते आणि कोरडी असते तेव्हा सावली गेलेली असते. दोन्ही बरं असा एकच काळ मिळतो, साधारण नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत. हवा कोरडी झालेली, सकाळी चांगली थंडी, आणि सागाची पानं अजून पुरती झडलेली नसतात. म्हणून डिसेंबर म्हणालो.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडे राणी होती, लॅब्राडोर आणि देशी यांचं मिश्रण, सहा वर्षांची, २८ किलो. अंगाने सडपातळ, पळायला चपळ. ऑगस्टचाच महिना होता. ढगाळ हवा, भुरभुर पाऊस. खाली नदीवर ती तासभर खेळली. परतीच्या चढावर तिसऱ्या-चौथ्या वळणाला ती चिखलात पोट टेकवून बसली. मी हाक मारली, उठली. पन्नास पावलं चालून पुन्हा बसली. मला वाटलं, खेळून कंटाळली आहे, हट्ट करते आहे. बिस्किट दाखवलं, तिने तोंड फिरवलं. राणीने बिस्किट नाकारणं म्हणजे काय हे मला तिथेच कळायला हवं होतं. मी पट्टा ओढला. ती आणखी थोडं चालली, कारण मी सांगितलं होतं. मग मागचे पाय झोकांडले. तेव्हा हिरड्या पाहिल्या, विटेसारख्या लाल. लाळ चिकट, दोरीसारखी लोंबणारी. पिशवीत थर्मामीटर होता, तो लावला तर १०६.८. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ असतं. १०५ च्या वर गेलं की वेळ मिनिटांत मोजायची असते, कारण त्यापुढे मूत्रपिंडं, यकृत, आतडी, रक्त गोठण्याची क्रिया सगळंच बिघडू लागतं.

जवळ दोन गुराखी पोरं होती. त्यांनी बाजूच्या घळीतला ओहळ दाखवला. राणीला तिथे नेऊन पाण्यात आडवं केलं, डोकं वर धरलं, अंगावर सतत पाणी टाकत राहिलो आणि एका पोराने सागाच्या पानाने वारा घातला. ताप १०३ वर आल्यावर पाण्याबाहेर काढलं आणि चादरीच्या झोळीत घालून तिघांनी वर आणलं. तीन दिवस सलाईन, रोज रक्त तपासणी. चौथ्या दिवशी ती स्वतःहून उठून पाणी प्यायली. पुढे ती तेरा वर्षांची होऊन गेली, पण त्यानंतर पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात मी तिला डोंगरावर नेलं नाही. त्या दिवशी ती थांबा म्हणून चार वेळा सांगत होती, आणि रोज हेच काम करणारा मी ते वाचत नव्हतो.

म्हणून खुणा नीट लक्षात ठेवा, क्रमाने येतात. आधी जीभ रुंद होते, टोकाकडे पळीसारखी पसरते. मग ओठांचे कोपरे मागे ओढलेले दिसतात, जणू हसतोय. लोक याच वेळी फोटो काढतात. मग तो तुमच्या मागे पडतो, प्रत्येक झाडाखाली रेंगाळतो, ओल्या जागी पोट टेकवतो. मग खाऊ नाकारतो. मी दर वीस मिनिटांनी एक छोटा तुकडा देतो तो याच कारणासाठी. भुकेचा प्रश्न नसतो, ती माझी तपासणी असते. लॅब्राडोरने खायला नकार दिला की चालणं तिथेच संपलं, मग ते कुठेही असो. हिरड्या गडद लाल होणं, तोल जाणं, उलटी, रक्ताळ जुलाब ही फार पुढची पायरी आहे.

आणि तशी वेळ आलीच तर आधी गार करा, मग हलवा. गाडीकडे धावायची घाई करू नका. जे पाणी हाताशी असेल ते अंगावर ओता, ओतत राहा, वारा घाला. फार थंड पाणी टाकू नये असं पूर्वी सांगत, मीही सांगायचो. एरवी धडधाकट असलेल्या कुत्र्याला थंड पाण्याने अपाय होत नाही, उशीर मात्र नक्की मारतो. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होतो आणि वाफ आतच कोंडतो. शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी प्यायला द्या, तोंडात ओतू नका. ताप १०३ च्या आसपास आला की पाणी थांबवा, नाहीतर तो पुढे नको तितका उतरतो. आणि कुत्रा उभा राहिला, शेपटी हलवली, तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आतलं नुकसान एक-दोन दिवसांनी दिसतं.

ब्रुनोचं वजन. ३८ किलो ऐकून मी थांबलो. लॅब्राडोर नर साधारण २९ ते ३६ किलोत बसतो. हाड मोठं असेल तर थोडं वर-खाली, म्हणून आकड्यावर जाऊ नका, हाताने बघा. तुमच्या एका हाताचा पंजा सपाट पसरून त्याच पंजाच्या मागच्या बाजूवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा, हाडं हलकी लागतात. ब्रुनोच्या फासळ्या तशा लागल्या तर वजन ठीक. तळव्याच्या बाजूने दाबल्यावर लागतं तसं मऊ मऊ लागलं, फासळ्या शोधाव्या लागल्या, तर तो जाड आहे. इंदुरातल्या दहा लॅब्राडोरांपैकी बहुतेकांच्या फासळ्या मला शोधाव्याच लागतात. आपण खाणारी माणसं, आणि प्रेम ताटातून दाखवतो. सकाळी पोह्यांची पुडी सोडली की एक घास त्याला जातोच. त्यावर एक विनंती: पोह्यांवरचा कच्चा कांदा कुत्र्याला विष आहे, त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. शिजवलेलाही चालत नाही. शेव-जिलेबीने नुसतं वजन वाढतं, कांद्याने रक्त कमी होतं.

जास्तीचे चार किलो चढावर दमवतात, पण खरी किंमत उतारावर मोजावी लागते. उभ्या कुत्र्याचं सुमारे साठ टक्के वजन एरवीही पुढच्या पायांवर असतं. उतारावर ते आणखी पुढे सरकतं, आणि प्रत्येक उडीला खांदे, कोपर आणि मनगटं तो धक्का झेलतात. तुमची वाट उतरणीनेच सुरू होते, तेव्हा तो ताजा असतो, उत्साहात उड्या मारत जातो, आणि सांधे सुजतात ते रात्री. दुसऱ्या दिवशी 'काल इतका छान चालला, आज उठत नाही' असं सांगत लोक येतात. लॅब्राडोरमध्ये कोपर आणि खुब्याच्या सांध्यांची आनुवंशिक खोड बरीच आढळते. घरी जिना चढताना ब्रुनो मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलतो का, उठताना पुढे झुकून अंग ओढतो का, ते पाहा. तसं असेल तर आधी क्ष-किरण, मग डोंगर.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी सांगून टाकतो. तुमच्याकडे पग किंवा बुलडॉग असता तर मी डिसेंबरातही नाही म्हणालो असतो, त्यांची श्वासनलिका या कामासाठी नाहीच. हस्की असता तर महिना आणखी जपून निवडला असता. दीड वर्षाच्या आतला मोठ्या जातीचा कुत्रा असता तर हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबा म्हणालो असतो. आणि गल्लीतला देशी, सडपातळ, रोज मैलभर धावणारा असता तर कदाचित सप्टेंबरच्या अखेरीला एखाद्या छोट्या वाटेला हरकत घेतली नसती. ब्रुनो मधला आहे. वय चांगलं, जात कामाची, फक्त तयारी नाही. रोजचा तासभर सपाट रस्त्यावरचा फेरा चढासाठी पुरत नाही.

मोकळं सोडण्याबद्दल माझं मत ठाम आहे, आणि ते का हे सांगतो. महू-मानपूर-चोरलच्या जंगलात बिबटे आहेत. कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य. २०२३ च्या मे महिन्यात तर महूच्या लष्करी परिसरात कॅमेऱ्यात वाघ दिसला होता. मी घाबरवत नाही, इतकी वर्षं जातो, बिबट्या समोर आला नाही. पण कुत्रा पट्ट्यात, माणसांच्या घोळक्यात असला की तो भक्ष्य राहत नाही. झुडपात शंभर पावलं एकटा गेला की राहतो. त्याहून रोजचा धोका वानरांचा. लंगूर दिसला की लॅब्राडोर धावतो, लंगूर कड्याच्या झाडावर उडी मारतो, कुत्र्याला पुढे कडा आहे हे कळत नाही. शिवाय पावसाळ्यात घोणस, नाग, मण्यार दगडांच्या सांदीत, पालापाचोळ्यात असतात. कुत्रा नाक आधी घालतो, म्हणून दंश बहुतेक तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. दंश झाला तर चिरा देऊ नका, बांधू नका, चालवू नका. उचलून आणा आणि वाटेतूनच प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्याला फोन करा. माणसांना देतात तेच औषध कुत्र्यालाही चालतं.

दुसरी बाजूही आहे. ते जंगल दुसऱ्यांचं घर आहे. कुत्र्यातला डिस्टेंपर हा रोग रानातल्या जनावरांना लागतो. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले त्यात हाच विषाणू सापडला होता. ब्रुनोची वार्षिक लस झाली नसेल तर त्याने जंगलात पाऊल ठेवू नये, स्वतःसाठी नाही तर तिथल्यांसाठी. रालामंडलला नेऊ नका, ते अभयारण्य आहे, कुत्र्यांना तिथे जागा नाही. बाकी वनखात्याच्या जंगलात जायच्या आधी त्या भागातल्या वनरक्षकाला विचारा. खालच्या वस्तीतल्या लोकांनाही. गुरांमागची कुत्री टोळीने अंगावर येतात, आणि गुराख्याची एक हाक त्यांना थांबवते. तेव्हा आधी त्याला रामराम करा.

पट्टा कसा? गळ्यातला नको, छातीचा हवा, पाठीवर धरायला मजबूत पकड असलेला. मोठ्या पायरीवरून उतरवताना त्या पकडीला धरून वजन सावरता येतं. दोर दोन मीटरचा, साधा. गुंडाळणारा नको, झुडपात अडकतो. उतारावर दोर कमरेला बांधू नका. ३८ किलोंनी झटका दिला तर दोघंही खाली. कडेच्या आडव्या वाटेवर मी कुत्रा डोंगराच्या अंगाला ठेवतो आणि स्वतः दरीच्या अंगाला चालतो. उतारावर त्याला माझ्या मागे चालायला शिकवलं आहे, म्हणजे तो माझ्या वेगाने उतरतो, उड्या मारत नाही. आपल्या घरांत माणसांशी मराठी आणि कुत्र्याशी हिंदी-इंग्रजी बोलतात. भाषा कोणतीही असो, 'मागे' आणि 'थांब' यासाठी एकच शब्द ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरा. चार मित्र चार शब्द ओरडले तर तो कड्यावर गोंधळेल.

बुटांचं विचारलंत. आपल्या डोंगराचा दगड काळा बेसाल्ट, पावसाळ्यात त्यावर शेवाळ. कुत्रा नखं रोवून आणि गाद्या पसरून तोल सांभाळतो, बूट ती दोन्ही काढून घेतात. शिवाय काळी माती बुटात शिरली की गोळा होतो. गादीला आधीच जखम असेल तर पट्टी बांधून परत येण्यापुरता एक बूट पिशवीत ठेवा, इतकंच. काळी माती बोटांच्या मधल्या केसांतही गोळ्या धरते, वाळली की खड्यासारखी टोचते आणि कुत्रा लंगडतो. दर अर्ध्या तासाने बोटं उघडून बघा. ते केस जायच्या आधी कातरून घ्या. ऑक्टोबरनंतर मातीची जागा कुसळ घेतं. वाळल्या गवताचं ते टोकदार बी एका दिशेनेच पुढे सरकतं, कातडीत, कानात, नाकपुडीत. बाहेर काढलं नाही तर आत आत जातं आणि आठवड्याने गळू होऊन दवाखान्यात येतं. डिसेंबरात गेलात की हाच त्रास असणार, म्हणून वाटेच्या मध्यातून चाला आणि घरी आल्यावर कंगवा फिरवा.

पाण्याबद्दल दोन गोष्टी. त्याचं पाणी तुम्ही न्या. नदी आहे म्हणून रिकाम्या हाताने जाऊ नका, कारण नदी खाली आहे आणि तहान वर. फक्त परतीच्या चढासाठी दोन लिटर वेगळे ठेवा, दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं थोडं. साचलेल्या डबक्यातून पिऊ देऊ नका. पावसाळ्यात उंदरा-गुरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस येतो, तो यकृत-मूत्रपिंडावर जातो आणि माणसालाही होतो. दुसरी गोष्ट, ओढा ओलांडणं. पठारावर दूर कुठेतरी पाऊस पडला तर खाली ऊन असतानाही पाणी वाढतं. २०११ च्या जुलैत पाताळपाणीला काठावरची माणसं अशीच लोंढ्यात वाहून गेली. कुत्रा प्रवाहात ओढला गेला की माणूस विचार न करता मागे उडी मारतो. पाणी गढूळ झालं, काड्या-पानं वाहून येऊ लागली, की दोघांनी काठ सोडायचा.

खायला निघण्याआधी दोन-तीन तास थोडंच द्या, पोटभर नाही. मोठ्या छातीच्या कुत्र्याचं भरलं पोट उड्यांनी पीळ घेऊ शकतं. पोट फुगून उलटीचा नुसता उमाळा येत असेल तर ती शस्त्रक्रियेची वेळ असते.

घरी आल्यावर गोचीड. कानाच्या आत, काखेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली बोटांनी चाचपा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, काडी, तेल काही लावू नका. गोचीड मारणारी गोळी जायच्या आधीच तुमच्या डॉक्टरांकडून वजनानुसार घ्या. खरी काळजी पुढच्या दोन-तीन आठवड्यांत घ्यायची असते. ताप, खाणं कमी, फिकट हिरड्या, नाकातून रक्त यातलं काही दिसलं तर रक्त तपासा आणि 'डोंगरावर गेलो होतो' हे आठवणीने सांगा. लोक ते सांगायला विसरतात, आणि आमचे दोन दिवस जातात.

आता तयारी. पहिला महिना फक्त खाणं. मोजून, वरचं बंद. सोबत रोज एक जिना किंवा पुलाचा चढ, सावकाश, वर-खाली. ऑक्टोबरपासून आठवड्यातून एकदा देवगुराडियासारखी छोटी टेकडी, उजाडता चढून आठच्या आत खाली. तिथे एक मोजमाप करा: वर पोचल्यावर थांबा आणि त्याची धाप नेहमीसारखी व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. दहा मिनिटांच्या आत शांत झाला तर पुढच्या आठवड्यात थोडं वाढवा. पंधरा-वीस लागले तर तेवढंच ठेवा. हा कुठल्या पुस्तकातला आकडा नाही, माझा अनुभवाचा आहे. पण ज्या कुत्र्यांना मी असं तयार केलं त्यांनी मला चढावर दगा दिला नाही.

आणि डिसेंबरात चोरलला गेलात तरी पहिल्या खेपेला नदीपर्यंत जाऊ नका. फटफटलं की उतरायला लागा, अंधारात नाही. अर्ध्या तासाने, वाट कितीही मोहाची वाटली तरी, फिरा आणि वर या. तो अर्धा तास चढायला त्याला किती वेळ लागला, किती वेळा थांबला, शेवटचा तुकडा खाल्ला की नाही, हे लिहून ठेवा. वर गाडीपाशी आल्यावर त्याची धाप त्या दहा मिनिटांत बसली, तर पुढच्या खेपेला आणखी पंधरा मिनिटं खाली जा. नदी गाठायला अशा चार-पाच खेपा लागतील. तुमच्या मित्रांना ते मान्य नसेल तर त्या दिवशी ब्रुनोला घरी ठेवा आणि पुढच्या रविवारी दोघंच जा.